मोंबासा : फोटो नकोत, रोजचं सांगा

केनियातल्या मोंबासाचा पोर्तुगीज किल्ला फोर्ट जीझस, त्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. जे तिथे राहिलेत किंवा कामानिमित्त जाऊन आलेत त्यांनी रोजचं मोंबासा लिहा, खाणं, प्रवास, उकाडा, काहीही चालेल.

*

मी किलिंदिनी बंदरात कामाला, राहायला खाडीपलीकडे लिकोनीला. शहर बेटावर आणि आमच्या वेळी त्या बाजूला पूल नव्हता, म्हणजे रोज सकाळी फेरीबोटच. माणसांना फुकट, गाड्यांना तिकीट. आणि ते गेट उघडलं ना की दादर परवडलं! हातगाडीवाले, सायकली, टोपलीतल्या कोंबड्या, सगळं एकाच उतारावरून खाली सुटतं आणि मधेच टाय लावलेला बँकवाला बूट सांभाळत पळतोय.

*

सकाळी महामरी आणि म्बाझी. महामरी म्हणजे वेलची घातलेली तळलेली पोकळ पुरी, म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधातली तूर. संध्याकाळी व्हियाझी कराई, बेसनात बुडवून तळलेला बटाटा, चिंचेच्या चटणीबरोबर. आमच्या घरी डबा करायचं जवळपास बंदच झालं होतं.

*

किल्ला नको म्हणालात तरी लिहितोच, गोवेकर आहे मी. १५९३ मध्ये बांधायला घेतला तो आखला कैराती नावाच्या इटालियनने, जो गोव्याच्या पोर्तुगीज सरकारचा वास्तुविशारद होता. पुढे १६९६ ला ओमानी अरबांनी वेढा घातला तो १६९८ च्या डिसेंबरपर्यंत, आतली माणसं लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त गेली आणि गोव्याहून शेवटची कुमक पोचली तेव्हा किल्ला पडून काही दिवस झाले होते. ब्रिटिशांनी मग त्याचा तुरुंग केला.

*

टुकटुक, म्हणजे आपली रिक्षा, राहिलं की! बजाज नाहीतर पियाजिओ, म्हणजे बारामतीची पण. मीटर नाही, आधी भाव ठरवा मगच बसा.

*

बियाशारा स्ट्रीटला लेसो, म्हणजे तिथल्या बायका नेसतात ते छापील सुती कापड, घ्यायला जाच. जोडीनेच विकतात, काठाजवळ स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते आणि बायका नक्षीच्या आधी ती वाचतात. आमच्या घरमालकीणबाईंचं शेजारणीशी वाजलं होतं, तर भांडण नाही काही नाही, 'मत्सराला औषध नाही' अशा अर्थाची लेसो नेसून आठवडाभर तिच्या दारावरून पाणी आणायला जायच्या. नळ घरात होता!

*

ताई 😂 मग शेजारीण काय नेसली?