पाठदुखीसाठी ब्रेस्ट रिडक्शन, कोणी केलंय का?

वय ३६, दोन मुलं झालीत, तिसरं नकोय त्यामुळे दूध पाजायचा प्रश्न नाही. मान-पाठ सतत भरून येते, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत आणि पावसाळ्यात खालच्या घडीत पुरळ उठतं ते वेगळंच. सहा महिने फिजिओ केली, ७ किलो वजन उतरवलं (सगळीकडून गेलं, हवं तिथूनच नाही!), नीट माप घेऊन ब्रा बदलल्या, पाठ आहे तशीच. एमआरआय नॉर्मल. प्लास्टिक सर्जन म्हणतात ऑपरेशन करून टाका पण इन्शुरन्सवाले कॉस्मेटिक म्हणून हात वर करतायत. सासूबाईंचं मी बघून घेईन. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, क्लेमला ऑर्थोचं पत्र, फोटो, फिजिओची बिलं यातलं नेमकं काय चाललं, आणि स्कूटर परत किती दिवसांनी चालवता आली?