गिरगाव : चाळीचा पुनर्विकास, लोक सह्या देत नाहीत. मदत हवी आहे (तातडीने)

चाळ पडायला आलीय, बिल्डर तयार, आराखडा तयार. तरी अर्धी चाळ सही देत नाही. बैठकीला येतात, चहा पितात, 'बघू' म्हणून जातात. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कुणी नेमकं काय केलंय? 'धीर धरा' कृपया सांगू नका, रविवारी पुन्हा बैठक आहे.

पागडीवाला : उपकरप्राप्त आहे का, म्हणजे म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत? मालक कोण? काहीच लिहिलेलं नाही.

धागाकर्ता : अहो, गिरगावातली चाळ म्हटल्यावर उपकरप्राप्तच! 1940 च्या आधीची, पागडीची (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या खोल्या). मालकाने बिल्डरला दिलीय. विकास नियमावलीतल्या 33(7) खाली, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या नियमाखाली करायचंय, 51 टक्के भाडेकरूंची संमती हवी. प्रश्न फक्त सह्यांचा आहे.

मुलुंडकर_काका : बिल्डर हवाच कशाला? स्वयंपुनर्विकास करा. आमच्या सोसायटीने केला.

पागडीवाला : काका, तुमची सोसायटी होती, जमीन तुमची होती. इथे लोक भाडेकरू आहेत. दर धाग्यावर तेच काय?

मुलुंडकर_काका : मग धोकादायक इमारतींसाठीची म्हाडाची 79अ ची नोटीस? मालकाला प्रस्तावासाठी 6 महिने, त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला 6 महिने.

पागडीवाला : नोटीस आलीय असं कुणी म्हटलं?

सुमनमावशी : मी सांगते लोक का घाबरतात. संक्रमण शिबिर, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतची तात्पुरती घरं. आम्हाला तीन वर्षांत परत आणतो म्हणाले होते, सासूबाई शिबिरातच गेल्या. तुमच्या चाळीतही प्रत्येकाच्या नात्यात असं कुणीतरी असेलच. त्यांना लिफ्टची चित्रं कसली दाखवता? मधल्या काळातलं भाडं थकलं तर कोण भरणार, बँक हमी किती, पर्यायी जागेच्या कराराची नोंदणी घर सोडण्याआधी होणार का, हे मराठीत लिहून घरोघरी द्या. वकिलाला दाखवायला वेळ द्या. सही मग मागा.

नळबाजार : भेंडी बाजारचा पुनर्विकास बघा. 16.5 एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, तिथल्या बोहरा समाजाचाच ट्रस्ट. तरी सगळे एकदम हलले नाहीत. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी इमारत कोसळली, ती याच प्रकल्पातली. काही कुटुंबं आधीच हलली होती, बाकीची तिथेच होती. 33 माणसं गेली.

सुमनमावशी : म्हणजे भीती घालून सह्या घ्यायच्या?

नळबाजार : तसं नाही हो. घरचा ट्रस्ट असूनही वेळ लागला, एवढंच म्हणतोय.

ठाकूरद्वार_दुसरा_मजला : टॉवर झाल्यावर गणपती कुठे बसवणार? केशवजी नाईक चाळीत 1893 पासून बसतोय. पोडियमवर आरती करणार का?

पागडीवाला : सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहून संस्कृतीवर बोला.

जुनं_लाकूड : पाडताना सागवानी तुळया कुणाच्या, ते करारात लिहून घ्या. चांगला भाव येतो.

पागडीवाला : धागाकर्ते, भाडेकरूंची प्रमाणित यादी लावलीय का? कुणाला किती चौरस फूट ते सगळ्यांना माहीत आहे? समितीलाही तेवढंच?

धागाकर्ता : यादी समितीकडे आहे. समितीला 40 फूट जास्त, पण आम्ही धावपळ करतो म्हणून. ते बिल्डर तोंडी बोललाय, कागदावर काही नाही.

सुमनमावशी : आणि चाळीला कळलंय.

धागाकर्ता : कुणीतरी फोडलं असेल. पण तो मुद्दाच नाहीये. रविवारी काय बोलू तेवढं सांगा.

सुमनमावशी : तेच बोला. यादी जिन्यात लावा, त्यात तुमच्या नावापुढेही इतरांइतकेच फूट दिसू देत.

मुलुंडकर_काका : स्वयंपुनर्विकासात हा प्रश्नच आला नसता.