पीसीडब्ल्यू म्हणजे नुसता टाइपरायटर?

'अ‍ॅमस्ट्रॅडचं पीसीडब्ल्यू म्हणजे पडदा लावलेला टाइपरायटर' असं काहीजण म्हणतात, पण मला ते पटत नाही. पीसीडब्ल्यू म्हणजे अ‍ॅमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीचं, मुख्यतः लिहिण्यासाठीचं संगणक यंत्र. १९८५ च्या ८२५६ या मॉडेलबरोबर लोकोस्क्रिप्ट हा लेखनाचा प्रोग्राम तर होताच, पण सीपी/एम प्लस ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि मॅलर्ड बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषाही मिळायची. प्रिंटरसकट ३९९ पौंड (कर वेगळा) म्हणजे ब्रिटनमधल्या लिहिणाऱ्यांसाठी केवढी मोठी सोय!

एवढी कमी किंमत कशी साधली, तेही पाहण्यासारखं आहे. या यंत्रात सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी वेगळी रॉम (कायमस्वरूपी मेमरी) चिपच नाही. चालू करताच झेड८० प्रोसेसर पहिले २५६ बाइट घेतो ते प्रिंटर सांभाळणाऱ्या चिपमधून, आणि मग बाकीचं सगळं तीन इंची फ्लॉपीवरून! मला याहून सुंदर वाटते ती 'रोलर रॅम'. पडद्याच्या २५६ आडव्या रेषांपैकी प्रत्येक रेषा मेमरीत कुठे आहे, याचा एक छोटा तक्ता असतो. मजकूर वर सरकवताना पडद्याचे तेवीस हजार बाइट हलवायचे नाहीत, फक्त तक्त्यातले पत्ते बदलायचे. ४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ९० अक्षरी ओळी सरसर सरकतात त्या यामुळेच.

कुणाकडे असं यंत्र असेल तर आधी ड्राइव्हचा रबरी पट्टा बदला. जुना पट्टा सैल पडतो आणि चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही.