मदत हवी आहे: लेकीच्या डोक्यावरच्या जन्मजात व्रणाची प्लास्टिक सर्जरी

नमस्कार. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. जन्मतःच तिच्या डोक्यावर, टाळूच्या मागच्या बाजूला त्वचा नव्हती, नुसता ओला लालसर पापुद्रा होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं अप्लेसिया क्युटिस कन्जेनिटा. खालचं हाड शाबूत होतं, ही देवाची कृपा. रोजच्या ड्रेसिंगने जखम भरली, पण तिथे पातळ, चकचकीत व्रण राहिलाय, साधारण पाच सेंटिमीटर. कंगव्याचा दात लागला तरी सोलवटतो. केसांची मुळंच नाहीत, त्यामुळे कृपया तेलं, कांद्याचा रस सुचवू नका.

आता एक सर्जन टिश्यू एक्स्पांडर म्हणतात. शेजारच्या केसाळ त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी ठेवायची, दर आठवड्याला सुईने सलाइन भरत त्वचा ताणायची, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये व्रण काढून ती त्वचा तिथे ओढायची. दुसरे म्हणतात, थोडी मोठी होऊ द्या. दोघांचंही पटतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

कुणाच्या मुलाचं हे झालंय का? फुगलेलं डोकं घेऊन मूल शाळेत गेलं का? दर आठवड्याची सुई कशी सोसली? पिशवीत जंतुसंसर्ग झाला का? नंतर टाके ताणून व्रण रुंदावला का?

आम्ही साताऱ्याचे. मुंबईत वाडिया किंवा केईएम, पुण्यात ससून इथला अनुभव असेल तर सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, तेही हवंय. तिचं नाव पहिलीत घालण्याआधी ठरवायचं आहे.