जुन्या गाड्या वाईट होत्या, हे एकदा तरी मान्य करू या

खंबाटकी
परवा आपल्या या जुन्या गाड्यांच्या मंचावर ‘दोन सायलेन्सर’ या टोपणनावाच्या सदस्यांनी लिहिले की, ज्याने टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणारी, गाडी चालवली नाही त्याने मोटरसायकल चालवलीच नाही, आणि १९९६ साली म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडल्यापासून आपण सारे मिक्सरवर बसून फिरत आहोत. त्या लेखाखाली पडलेला बदामांचा सडा पाहून मला उत्तर देणे भाग पडले.

मी आयुष्यात चार गाड्या बाळगल्या. वडिलांची राजदूत १७५ माझ्याकडे १९७९ मध्ये आली, १९८४ मध्ये येझदी रोडकिंग घेतली, १९९१ मध्ये हीरो होंडा सीडी १००, आणि २००६ पासून पल्सर आहे. यांपैकी ज्या एका गाडीने मला कधीही रस्त्यात उभे केले नाही, ती सीडी १००. आणि तिचे नाव इथे कोणी आदराने घेत नाही, कारण तिच्याबद्दल सांगण्यासारखा एकही किस्सा नाही. किस्से बिघाडातून जन्मतात, आणि आपण बिघाडालाच स्वभाव म्हणू लागलो आहोत.

१९८७ च्या श्रावणात साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकी घाटात माझ्या येझदीचे मागचे चाक एकाएकी जाम झाले. क्लच दाबला म्हणून आम्ही दोघे पडलो नाही, एवढेच. पिस्टन सीझ झाला होता, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकून बसला होता. इंजिन थंड होईपर्यंत पत्नी तासभर पावसात दगडावर बसून होती आणि मी किकवर उभा राहून नाचत होतो. घरी परतल्यावरही सुख नव्हतेच. दर दोन-तीन महिन्यांनी सायलेन्सरमधली नळी काढायची, रॉकेल ओतून पेटवायची, आतला काळा थर खरवडायचा, आणि हे सारे शेजाऱ्यांचे कपडे वाळत नसतील अशा वेळी करायचे. या वेठबिगारीला कोणी कला म्हणत असेल, तर त्याने स्वतः ती किती वेळा केली हे आधी सांगावे.

दोन सायलेन्सर
माझ्या लेखाचा एवढा विचार झाला, याबद्दल आभार. एक तपशील मात्र आपण सोयीने गाळला आहे. पेट्रोलमध्ये ऑइल किती घातले होते? पुरेसे ऑइल मिळालेली येझदी श्रावणातल्या थंड हवेत सहसा सीझ होत नाही, आणि उपाशी बैलाने नांगर टाकला तर त्याचा दोष कोणी बैलाला देत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंची १९६८ ची जावा २५० आजही माझ्याकडे आहे. तिच्या गिअरच्या दांड्यावर पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, आणि तोच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. १९९३ मध्ये कराडजवळ क्लचची वायर तुटली, तेव्हा मी तसाच गिअर टाकत कोल्हापूर गाठले. वाटेत कोणाच्या पाया पडावे लागले नाही. आपल्या त्या निर्दोष सीडी १०० ची वायर तुटली असती, तर आपण काय केले असते?

उजवा गिअर
आपण दोघेही ऑइलच्या मापावर भांडत आहात हे पाहून बुलेटवाल्याला हसू आवरत नाही. बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफील्डचा इंग्लंडमधल्या रेडिचचा मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, तरी मद्रासच्या कारखान्याने तेच इंजिन चालू ठेवले. माझी १९७१ ची बुलेट अगदी मूळ रूपात आहे. चावी फिरवायची, डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, दाबून ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच खाली न्यायची, आणि मग एकच पूर्ण किक. ज्याला घाई असते त्याची पोटरी ती सुजवते.

माझे खरे दुःख वेगळे आहे. उजवीकडचा गिअर काढून कंपनीने तो डावीकडे नेला, आणि तेव्हापासून पिढीच बिघडली. गेल्या वर्षी पुतण्याच्या गाडीवर बसलो आणि चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबला. भाजीच्या हातगाडीचे साडेतीनशे रुपये भरून द्यावे लागले. वर ही मुले त्या गाड्यांना फटाके फोडणारे सायलेन्सर लावतात आणि त्यालाच बुलेटचा आवाज म्हणतात.

एम-ऐंशीवाली
मघापासून वाचते आहे. एक बाई तासभर पावसात दगडावर बसली, आणि त्यानंतर चर्चा ऑइलच्या मापाची झाली. त्यांना त्या इंजिनाविषयी काय वाटले, हे कोणी विचारले का?

मी वेल्हे तालुक्यात आरोग्यसेविका होते. बजाज एम ८०, ७४ सीसी, आणि हो, टू-स्ट्रोकच. मागे लशींचा थंड डबा दोरीने बांधलेला, पुढे पायांत औषधांची पिशवी. ओढ्यात पाणी असेल तर इंजिन बंद करून गाडी ढकलत पलीकडे न्यायची, प्लग पदराला पुसायचा, पुन्हा किक. चौदा वर्षे हे केले. तुमच्या एकाच्याही स्वप्नात एम ८० येत नाही, कारण स्वप्नातल्या गाडीवर माणूस एकटा असतो आणि कामाला निघालेला नसतो.

पितळी टॅपेट
ताईंचे म्हणणे योग्य आहे, त्याकडे नंतर येतो. ‘उजवा गिअर’ यांच्या ‘अगदी मूळ रूपात’ या शब्दांवर मात्र माझा आक्षेप आहे. गेल्या वर्षी आपणच इथे टाकलेल्या छायाचित्रात त्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिसत होता. १९७१ च्या बुलेटला डिस्क ब्रेक कोठून आला?

हा प्रश्न निव्वळ खोडसाळपणाचा नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००, नोंदणीची मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे.

उजवा गिअर
डिस्क ब्रेक मी जीव वाचवण्यासाठी लावला आहे. आपल्या नियमांनी हातगाडीवाल्याला वाचवले असते का? इंजिन मूळ आहे, चासी मूळ आहे, क्रमांक मूळ आहे.

पितळी टॅपेट
इंजिनाविषयी आपण बोललातच म्हणून विचारतो. झिजलेला सिलिंडर किती वेळा बोअर केला, म्हणजे आतून कातून मोठा केला? नाना पेठेतून आणलेला पिस्टन मद्रासचा होता की गल्लीतल्या लेथवरचा?

उजवा गिअर
तीन वेळा. आणि तुमच्या गाड्या पुसण्यापुरत्याच असल्यामुळे त्यांना एकदाही बोअर करावे लागले नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या माणसाने गेल्या पाच वर्षांत पाचशे किलोमीटरही गाडी चालवली नाही, त्याने मला मूळ रूप शिकवू नये.

पितळी टॅपेट
सहाशे वीस किलोमीटर. नोंद ठेवली आहे.

दोन सायलेन्सर
इथे एक अडचण निघते, तिच्याकडे आपण दोघांनीही लक्ष दिलेले नाही. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. म्हणजे माझ्या जावावरून मी दळण आणू शकणार नाही.

पितळी टॅपेट
आपण तिची साधी नोंदणी वेळेवर नूतनीकृत करीत आला असाल, पर्यावरण कर भरत आला असाल, तर व्हीएच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. आणि गेलातच, तरी आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. खरी पंचाईत कागद हरवलेल्या गाड्यांची आहे.

उजवा गिअर
म्हणजे माझ्या डिस्क ब्रेकला कायद्याची अडचण नाही?

पितळी टॅपेट
कायद्याचे मी खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या नजरेची अडचण मात्र आहे. ती सोसावी लागेल.

खंबाटकी
मी गाड्यांच्या दोषांवर लिहिले होते आणि आपण नोंदणी पुस्तके तपासत बसलात. असो.

‘दोन सायलेन्सर’ यांच्या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही. त्या दिवशी लिंबच्या अलीकडे पंपावर टू-टी ऑइल संपले होते, आणि पुढच्या पंपावर घेऊ म्हणून मी नुसते पेट्रोल भरले. पुढच्या पंपावर थांबलो नाही. चूक माझी होती. पण माझी चूक सहन करण्याइतकी समज ज्या यंत्रात नाही, त्याला मी थोर म्हणणार नाही. सीडी १०० ने माझ्या याहून मोठ्या चुका निमूट पचवल्या. क्लचच्या वायरीचे मात्र मान्य करतो. जावाची ती युक्ती माझ्या पल्सरमध्ये नाही, हे लिहिताना मला त्रास होतो आहे, त्याचा आनंद आपण घ्यावा.

ताईंचा प्रश्न मी काल घरी विचारला. पत्नी म्हणाली, “मला इंजिनाचे काही वाटले नाही. तू ऑइल न घेता निघालास हे मी पाहिले होते, आणि सांगितले असते तर तू भांडला असतास.” सदतीस वर्षे तिने हे पोटात ठेवले होते.

एम-ऐंशीवाली
त्यांना माझा नमस्कार सांगा.

दोन सायलेन्सर
वहिनींना माझाही. परंतु जुन्या गाड्यांना एवढी नावे ठेवणाऱ्या गृहस्थांनी एक सांगावे. आपल्या स्वप्नात कोणती गाडी येते? पल्सर?

खंबाटकी
बीएसए एम-२०.

आता हसून घ्या. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, जेमतेम तेरा अश्वशक्ती, पुढे स्प्रिंगचा गर्डर फोर्क, थांबवण्याचे काम मुख्यतः देवावर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वापरलेली ही गाडी. १९७२ मध्ये, मी दहा वर्षांचा असताना, आमच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारांकडे ती होती. ते हँडलवरचा एक दांडा सरकवून ठिणगी मागे घेत, दुसऱ्याने व्हॉल्व्ह उचलून धरत, कार्बोरेटरची गुंडी पेट्रोल बोटाला लागेपर्यंत दाबत, आणि मग सावकाश किक मारत. गाडी सुरू झाली की ठिणगीचा दांडा पुढे सरकवत, तसा तिचा आवाज धापांवरून ठोक्यांवर येई. पंचक्रोशीत ती येताना ऐकू येई आणि मुले शाळेच्या खिडकीत जमत.

ती वाईट गाडी आहे. मला हवी आहे. या दोन वाक्यांत विसंगती आहे असे मला वाटत नाही. दुसरे वाक्य खरे ठरवण्यासाठी पहिले खोटे पाडणे, एवढ्यापुरतेच माझे आपल्याशी भांडण होते.

पितळी टॅपेट
ती आता कोठे आहे? कागद आहेत का? ठिणगीसाठी वीज तयार करणारा मॅग्नेटो मूळचा असेल तर मला छायाचित्र पाठवा.

खंबाटकी
सुभेदारांच्या नातवाच्या शेडमध्ये आहे, टाकीवर कोंबड्या बसतात. कागद नाहीत. पत्ता मिळणार नाही. मागे एकाला सांगितला होता, तो स्पीडोमीटर काढून घेऊन गेला.

उजवा गिअर
गिअर कोणत्या बाजूला आहे, तेवढे तरी सांगा.

खंबाटकी
उजव्या.