महान खेळाडूला विजेतेपदासाठी दुसरा तारा हवाच का?

मूळ लेख

२० एप्रिल १९८६ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने एकट्याने ६३ गुण केले, सामना दोन जादा सत्रांपर्यंत नेला आणि तरीही त्याचा संघ शिकागो बुल्स १३५-१३१ असा हरला. एकटा माणूस एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) जिंकू शकत नाही, याचा पुरावा म्हणून हा सामना नेहमी पुढे केला जातो. एवढ्यापुरते मलाही मान्य आहे. परंतु त्यावरून ‘म्हणून शेजारी दुसरा तारा हवाच’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही.

१९९४ च्या विजेत्या ह्यूस्टन रॉकेट्सकडे पाहावे. त्या मोसमात हकीम ओलाजुवॉन सोडता त्या संघातला एकही खेळाडू ऑल-स्टार सामन्यासाठी (दरवर्षी निवडक सर्वोत्तम खेळाडूंमध्ये होणाऱ्या सामन्यासाठी) निवडला गेला नव्हता. ओलाजुवॉन बास्केटजवळ पाठ करून चेंडू घेई, त्याच्यावर दुसरा बचावपटू धावून आला की चेंडू बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या केनी स्मिथ, व्हर्नन मॅक्सवेल किंवा रॉबर्ट हॉरी यांच्याकडे जाई आणि तेथून तीन गुणांचा फटका बसे. या रचनेला दुसरा तारा नव्हे, तर आपले काम चोख करणारे नेमबाज हवे होते. २०११ च्या अंतिम मालिकेत डॅलसच्या डर्क नोविट्स्कीने लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश हे तीन तारे एकत्र असलेल्या मायामीला ४-२ ने हरवले, तेव्हाही त्या वर्षीचा डॅलसचा ऑल-स्टार तो एकटाच होता.

प्रतिसाद १

असहमत. आपण १९९४ सांगितलेत आणि १९९५ वगळलेत. पुढच्याच मोसमात ह्यूस्टनने ओटिस थॉर्प देऊन क्लाइड ड्रेक्सलर या ताऱ्याला आणले, ते कशासाठी? जॉर्डनही १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे डेट्रॉइटकडून हरला आणि सहकारी स्कॉटी पिपेन पूर्ण तयार झाल्यावर, १९९१ मध्ये, जिंकला. २०१५ च्या अंतिम मालिकेत, लेब्रॉन क्लीव्हलँडकडून खेळत असताना, त्याचा सहकारी केविन लव्ह आधीच जायबंदी होता आणि दुसरा सहकारी कायरी अर्विंग पहिल्याच सामन्यात जखमी झाला. लेब्रॉनने सरासरी ३५.८ गुण करूनही क्लीव्हलँड हरले. पुढच्या वर्षी अर्विंग उभा राहिला आणि तोच संघ १-३ अशा पिछाडीवरून जिंकला. यापेक्षा स्वच्छ तुलना क्वचितच सापडेल.

मूळ लेखकाचे उत्तर

तुलना स्वच्छ आहे, पण तिच्यातून सिद्ध होते ते एवढेच की आधारस्तंभ काढून घेतला तर इमारत पडते. २०११ च्या मायामीकडे तीन तारे होते आणि तिघेही मैदानात होते, तरीही ते हरले.

प्रतिसाद २

मला वाटते, दोन्ही बाजू ‘तारा’ या शब्दात अडकल्या आहेत. निकोला योकिच २०२२ मध्ये सलग दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण डेन्व्हर पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून ४-१ ने बाहेर पडले, कारण त्याचा सहकारी जमाल मरे गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो पूर्ण मोसम खेळलाच नाही. मरे परतला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरने विजेतेपद पटकावले. अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात तर योकिचने ३२ आणि मरेने ३४ गुण करताना दोघांनीही ट्रिपल-डबल (गुण, हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू आणि सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास या तिन्हींत दहा किंवा अधिक) नोंदवला. तोपर्यंत मरे एकदाही ऑल-स्टार झाला नव्हता. मग तो तारा की नाही?

प्रतिसाद १

माझ्या दृष्टीने निःसंशय तारा. ज्याला स्वतःचा फटका स्वतः निर्माण करता येतो आणि मुख्य खेळाडू कोंडला गेला असताना जो संघ ओढतो, त्यालाच मी तारा म्हणतो. ऑल-स्टारचा शिक्का नंतरचा. आणि आपल्या लाडक्या डॅलसचाच २०११ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना आठवून पाहा. पहिल्या अर्धात नोविट्स्कीच्या बारांपैकी एकच फटका बास्केटमध्ये गेला, तरीही मध्यंतराला डॅलस ५३-५१ असे पुढे होते. कारण नोविट्स्कीचा सहकारी जेसन टेरी याने त्या अर्धात १९ गुण केले होते.

मूळ लेखकाचे उत्तर

टेरीचा तो अर्ध मी विसरलो नव्हतो, पण त्याचे जेवढे वजन द्यायला हवे होते तेवढे दिले नाही, हे कबूल करतो. मात्र टेरी उभ्या कारकिर्दीत एकदाही ऑल-स्टार झाला नाही आणि डॅलससाठी तो बहुधा राखीव खेळाडू म्हणूनच मैदानात उतरत असे. अशा खेळाडूलाही तारा म्हणायचे असेल, तर १९९४ च्या ह्यूस्टनमधला मॅक्सवेलही ताराच ठरेल आणि मग ताऱ्याशिवाय जिंकलेला संघ आपल्या व्याख्येत कधीच सापडणार नाही.