सोलापूरजवळच्या गावात पोरांसाठी क्लाइंबिंग सुरू करायचंय, कुठून सुरू करू?

माळरान_सोलापूर:
नमस्कार मंडळी. मी तुळजापूर रोडला एका गावातल्या हायस्कूलवर शिकवतो. आमच्याकडं क्लाइंबिंगचा विषय काढला की लोक म्हणतात ते पुणे-नाशिकवाल्यांचं काम, तुमच्याकडं डोंगर कुठायत. सह्याद्री नाही हे बरोबर, पण गावाबाहेर एक जुनी दगडखाण आहे, बरीच वर्षं बंद पडलेली, एका बाजूची भिंत दोन-तीन मजली उंच आणि उभी, दुसऱ्या बाजूला पाणी साठतं. वरच्या माळावर मोठे धोंडे आहेत. पोरं शेळ्या राखता राखता त्या धोंड्यांवर अनवाणी चढतात आणि पाय कुठं टाकायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही तरी इतकं नेमकं टाकतात की बघत राहावं.

मागं बाहेरच्या एका ग्रुपनं तालुक्यात एका दिवसाचं रॅपलिंग म्हणजे दोरावरून खाली उतरायचं शिबिर घेतलं. पोरं खूश, फोटो झाले, संध्याकाळी दोर गुंडाळून गाडी गेली आणि मागं काहीच उरलं नाही. मला तसलं नकोय. मला वाटतं गावातल्याच पाच-सहा पोरापोरींनी नीट शिकावं, त्यांनी पुढच्यांना शिकवावं, सामान गावाचं असावं, आणि उद्या सोलापूर-लातूरकडनं कोणी चढायला आलं तर चार पैसे गावातच राहावेत. खाणीतला दगड चालतो का, परवानगी कुणाची लागते, पहिलं सामान काय घ्यायचं, आणि पोरांना शिकवणारं माणूस कसं तयार करायचं हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

कातळवेडा_पुणे:
सर, खूप बरं वाटलं वाचून. आधी दगडाचं बोलतो कारण बाकी सगळं त्यावर आहे. तुमच्याकडचा आणि आमच्याकडचा कातळ एकच, दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, फक्त आमच्याकडं घाटात तो उभा कापला गेला आणि तुमच्याकडं आडवा पसरलाय. तो थराथरानं असतो, एक थर घट्ट काळा, त्याच्यावर बारीक भोकांचा मऊ थर, मधेच तांबडा मातीसारखा पट्टा. चढायला घट्ट थर पाहिजे. मऊ थरात पकडी छान दिसतात पण हातात येतात.

खाणीत अजून एक भानगड असते ती म्हणजे सुरुंग. बार उडवून काढलेल्या भिंतीला आत खोलवर तडे गेलेले असतात, वरून अखंड दिसते आणि टेबलाएवढा तुकडा सुटून येतो. पहार-छिन्नीनं काढलेली जुनी भिंत त्या मानानं शहाणी. म्हणून पहिले काही महिने चढायचं नावच काढू नका, एक पावसाळा भिंतीकडं नुसतं लक्ष ठेवा, खाली नवीन दगड पडतात का बघा, पावसानंतर वरनं दोरावर उतरून अनुभवी माणसानं सगळे सैल दगड पाडायचे, खाली कोणी उभं राहायचं नाही.

मग फक्त टॉप रोप. म्हणजे दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे वर पक्क्या केलेल्या आधारातून, खाली आलेला, चढणारा पडला तरी फूट-दोन फूटच. लीड क्लाइंबिंग (दोर खालून आपल्याबरोबर नेत चढणं), बोल्टिंग (दगडात कायमचे बोल्ट बसवणं) वगैरे नंतर, कदाचित कधीच नाही, त्यानं काही अडत नाही. अँकर कडेपासून मागं घ्या, कमीत कमी दोन वेगवेगळ्या जागी, एक निघाला तरी दुसऱ्यानं पूर्ण भार घ्यावा असा. अँकर पुढं आणायला स्टॅटिक दोर आणि चढणाऱ्याला डायनॅमिक, यात अदलाबदल करू नका, डायनॅमिक दोर ताणून झटका खातो, स्टॅटिक खात नाही आणि तो झटका सरळ माणसाच्या कमरेला बसतो. बाजारात मिळणारा नायलॉनचा दोर कितीही जाड असला तरी नाही. यूआयएए म्हणजे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचा शिक्का बघूनच घ्या, चांगला साठ मीटरचा डायनॅमिक दोर दहा हजारांच्या पुढंच जातो, पण तिथं पैसे वाचवायचे नाहीत. सेकंडहँड दोर आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. आणि हेल्मेट बिले देणाऱ्याला, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याला पण, खाणीत दगड त्याच्याच डोक्यावर येतो.

वडारगल्ली:
मालक, मी सोलापूरचाच, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या दगड फोडायचं काम. वरच्या दादांनी बरोबर सांगितलं, एक भर घालतो. भोकाचा मऊ दगड म्हणतात ना त्याला आपल्याकडं मांजऱ्या म्हणतात, विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, तो लांबनं दाखवंल. आणि दगड सैल हाय का घट्ट ते डोळ्यानं कळत नाही, कानानं कळतंय. सुतकीनं, म्हणजे दगडफोडीच्या हातोड्यानं हाणायचं, टण्ण वाजला तर अंगचा दगड, धप्प वाजला तर मागं पोकळी हाय, त्याला हात लावायचा नाही. माळावरच्या धोंड्यांचं पण तसंच, गोल धोंडा असतो त्याचं वरचं कवच कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटतंय, पोरं त्याच्या कडंला धरून लोंबकळली की पापुद्र्यासकट खाली. आधी सगळे पापुद्रे काढून टाका, आतला दगड मग शंभर वर्ष हलत नाही.

तुमच्या गावात किंवा शेजारी वडार वस्ती असणारच. तिथल्या जुन्या माणसांना पहिल्या दिवसापासून घ्या, नुसतं दगड पाडायला मजूर म्हणून नको, कुठली भिंत चालू ठेवायची कुठली बंद ते त्यांनी ठरवावं. आमच्या लोकांनी त्या खाणीत आयुष्यं घालवली, काहींनी जीव पण. आता त्याच भिंतीवर आमची पोरं चढायला शिकली तर मला लई आनंद होईल हे मनापासून सांगालोय.

माळरान_सोलापूर:
दादा, हे डोक्यात आलं नव्हतं. शाळेतली दोन सगळ्यात चांगली चढणारी पोरं त्याच वस्तीवरची आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या आजोबांना भेटतो.

सीनाकाठ:
सर, परवानगीचं. आधी तलाठ्याकडनं सातबारा काढा, खाण गायरानात आहे का खाजगी का सरकारी लीजची हे कळल्याशिवाय एक खिळा ठोकू नका. गायरान असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि तहसीलला पत्र द्या. ठरावात मेंढपाळांचा रस्ता आणि जनावरांचं पाणी तसंच राहील हे लिहून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी भांडण ठरलेलं. फॉरेस्टची हद्द लागत असेल तर वनविभाग वेगळा. बाहेरच्या लोकांकडून पैसे घेऊन अॅक्टिव्हिटी करणार असाल तेव्हा राज्याचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण लागू होतं, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी, प्रशिक्षित माणूस, विमा हे सगळं लागतं. तोपर्यंत पैशाचा व्यवहार नकोच, शाळेचा आणि गावाचा उपक्रम म्हणूनच चालवा, पण पालकांची लेखी संमती पहिल्या दिवसापासून.

आणि किल्ल्यांच्या भिंतीवर पोरांना चढवायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका, नळदुर्ग असो परांडा असो का सोलापूरचा भुईकोट. ती संरक्षित स्मारकं आहेत. नळदुर्गला पोरांना जरूर न्या, बोरी नदीवरचा बंधारा आणि पाणीमहाल दाखवा, दगडात बांधकाम कसं केलंय ते बघतील.

मुलींचं मुद्दाम सांगते. आमच्या भागात आठवीनंतर मुलगी खेळातून गायब होते. तुम्ही सुरुवातीच्या पाच-सहांत निम्म्या मुली घ्या, नंतर वाढवू म्हणालात की कधीच वाढत नाहीत. वेळ उजेडातली, येता-जाता सोबत, कपडे बदलायला आडोसा आणि आयांना एकदा खाणीवर बोलावून बिले कसा देतात ते त्यांच्याच हातात दोर देऊन दाखवा. आईला दोराचा भरवसा आला की घरातलं निम्मं काम झालं. पुढं पाहुणे यायला लागले तर जेवण बचत गटाकडं द्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला लोक वाकडी वाट करून येतात.

रानपाखरू:
खाणीबद्दल एक विनंती. आपल्याकडच्या जुन्या खाणी म्हणजे शृंगी घुबडाची घरं, ते घरटं बांधत नाही, कपारीत उघड्यावरच अंडी घालतं, साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. म्हणजे नेमका तुमचा चढायचा सीझन. आधी संध्याकाळी जाऊन बसा, आवाज येतो का बघा, कपारीखाली हाडं-केसांच्या गोळ्या पडल्यात का बघा. असेल तर ती बाजू त्या काळात बंद. आग्या मोहोळ असेल तरी तसंच, धूर नाही, अत्तर नाही, दगड पाडणं तर अजिबात नाही, दोरावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही. आणि सर ते पाणी साठलेलं टोक आधी कुंपण घालून घ्या, खाणीच्या पाण्याला उतार नसतो, कडेलाच खोल असतं आणि दरवर्षी कुठं ना कुठं पोरं बुडतात.

माळरान_सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. कुंपणाचं ग्रामपंचायतीत याच महिन्यात मांडतो. भिंतीला एक पावसाळा थांबायला तयार आहे, पण पोरं थांबणार नाहीत, तोपर्यंत त्यांना काय देऊ?

कातळवेडा_पुणे:
धोंडे द्या. वडारगल्लीवाल्या दादांना पटतील असे चार-पाच धोंडे निवडा, डोक्यापेक्षा फार उंच नकोत, खालची जमीन खडे वेचून साफ करा, उतरायची वाट आधी ठरवा आणि मग चढा. पोरांना एकमेकांचं स्पॉटिंग शिकवा, म्हणजे पडणाऱ्याला झेलायचं नाही, त्याचं डोकं-पाठ सांभाळून त्याला पायावर आणायचं. गाठी शाळेच्या व्हरांड्यात शिकवा, हार्नेसला दोर बांधायची आठाची गाठ डोळे मिटून बांधता आली पाहिजे. भिंत निवडताना उत्तरेकडं तोंड असलेली बघा, हिवाळ्यात दिवसभर सावली राहते, उन्हाळ्यात तसंही सोलापुरात सकाळी आठनंतर दगडाला हात लागत नाही. आणि तुमचा एक फायदा सांगतो जो आम्हाला नाही, पर्जन्यछायेत आहात, जून ते सप्टेंबर आमचे कडे ओले शेवाळलेले असतात तेव्हा तुमच्याकडं कोरडे दिवस भरपूर मिळतील.

शिकवणाऱ्याचं म्हणाल तर तुम्ही स्वतः किंवा गावातला एखादा तरणा गडी-मुलगी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला पाठवा, साधारण चार आठवडे जातात. त्याआधी बदामी. तुम्ही सोलापूरकर लोक पुण्याकडं बघता पण विजयपूर-बागलकोट-गदग लाइनवर बदामी स्टेशन आहे, रेल्वेनं थेट. तिथं वाळूचा खडक आहे, बोल्ट मारलेले रूट आहेत, देशभरातून लोक चढायला येतात आणि गावातली पोरं पण चढतात. फक्त पावसानंतर लगेच जाऊ नका, तो दगड ओला असताना कमजोर होतो. डिसेंबरात आमचे काही जण तिथं असतील, तुमचे दोघंतिघं या, राहायचं-खायचं आमच्याबरोबर, अँकर आणि बिले तिथं करून घेतो. मेसेज टाकतो, बोलू.

वडारगल्ली:
धोंडे बघायला मी येतो मालक. रविवार सोडून सांगा, रविवारी कामावर असतो. सुतकी माझी घेऊन येतो.